ज्याचे छप्पर, त्याचाच सूर्य?

१३ फेब्रुवारी २०२४ रोजी केंद्र सरकारने 'पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजना' सुरू केली. एक कोटी घरांच्या छपरांवर सौर पॅनेल बसवावयाची, त्यासाठी ७५ हजार २१ कोटी रुपये खर्चावयाचे आणि घरटी महिन्याकाठी ३०० युनिटपर्यंत वीज मोफत मिळवून द्यावयाची, असा तिचा थाट आहे. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३० हजार रुपये आणि तीन किलोवॅट वा त्याहून मोठ्या संचाला एकूण ७८ हजार रुपये अनुदान. उरलेल्या रकमेसाठी बँकेचे बिनतारण कर्ज. अटी म्हटल्या तर साध्याच आहेत. अर्जदाराचे स्वतःचे घर हवे, त्यावर सौर संचाचा भार पेलणारे छप्पर हवे आणि घराला विजेची जोडणी हवी.

या साध्या अटींतच सगळी गोम आहे. ज्या देशात कोट्यवधी माणसे दुसऱ्याच्या जमिनीवर, भाड्याच्या खोलीत, पत्र्याखाली आणि गवताखाली राहतात, त्या देशात सूर्यप्रकाशाच्या वाटपाचे माप म्हणून स्वतःचे पक्के छप्पर निवडणे याचा अर्थ काय होतो? सार्वजनिक तिजोरीतला पैसा कोणाच्या गच्चीवर जाऊन बसतो? सरकारी पत्रके मराठीत आणताना 'लाभार्थी' हा शब्द प्रस्तुत लेखकाने आजवर किती वेळा लिहिला असेल, याची गणती नाही. परंतु या योजनेचे नियम वाचताना तो शब्द प्रथमच अचूक वाटला. ज्याच्यापाशी लाभ आधीपासूनच आहे, तोच येथे लाभार्थी.

हा प्रश्न हवेत सोडवता येणार नाही. जमिनीवर उतरूनच तो पाहिला पाहिजे. त्यासाठी वाचकांना तमिळनाडूतील कुंभकोणम या गावी नेतो. ते का, हे पुढे ध्यानात येईलच.

कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मधोमध वसलेले हे तंजावर जिल्ह्यातील गाव मराठी माणसाला अगदीच परके नाही. भोसल्यांच्या तंजावर राज्याचा हा मुलूख. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी केलेले सर टी. माधवराव १८२८ साली येथेच जन्मले. मराठी बोलणारी जुनी घराणी या भागात आजही आहेत. महामहम तलाव, स्वामिमलैच्या पंचधातूच्या मूर्ती, नाच्चियारकोविलच्या पितळी समया, विड्याची पाने आणि कॉफी यांची कीर्ती प्रवासी सांगतातच. प्रवासी जे सांगत नाहीत ते असे, की भाताचे हे समृद्ध कोठार ज्यांनी आपल्या पाठीवर उभे केले, त्या शेतमजुरांना आपल्या झोपडीखालची जमीन आपली म्हणण्याचा अधिकार पिढ्यान् पिढ्या नव्हता. जमीन मिरासदाराची, मठाची किंवा देवाची. तमिळनाडूत देवस्थानांच्या नावावर आजही सुमारे ४ लाख ७८ हजार एकर जमीन आहे. देवळांच्या गावांत हजारो कुटुंबे देवस्थानाच्या जागेवर स्वतःच्या पैशाने भिंती उभ्या करून राहतात आणि भुईभाडे भरतात. भिंत त्यांची, भुई देवाची. मग छप्पर कोणाचे?

झोपडीखालची जमीन

तंजावरच्या शेतमजुरांनी हा प्रश्न सौर ऊर्जेचे नावही नव्हते तेव्हा विचारला होता. १९४३ पासून कॉम्रेड बी. श्रीनिवास राव यांनी या त्रिभुज प्रदेशात लाल बावटा रोवला. चाबकाचे फटके आणि शेण कालवलेले पाणी पाजणे या शिक्षांविरुद्ध गडी-माणसे प्रथमच ताठ उभी राहिली. १९५२ मध्ये तंजावरच्या कुळांना व सालदारांना संरक्षण देणारा कायदा करणे सरकारला भाग पडले. १९७१ साली 'कुडियिरुप्पु' कायदा आला. कुडियिरुप्पु म्हणजे राहती जागा. मालकाच्या जमिनीवर झोपडी बांधून राहणाऱ्या शेतमजुराला त्या झोपडीखालच्या जागेची मालकी देणारा हा कायदा कोणा उदार मंत्र्याच्या हृदयात उगवलेला नव्हता.

त्याच्या तीनच वर्षे आधी, २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री, त्या वेळच्या अखंड तंजावर जिल्ह्यातील कीळवेणमणी येथे ४४ दलित शेतमजूर, स्त्रिया आणि मुले एका झोपडीत कोंडून जाळण्यात आली. मजुरीत थोडे अधिक भात द्या, ही त्यांची मागणी. लाल बावटा सोडणार नाही, हा त्यांचा गुन्हा. आरोपी जमीनदार पुढे उच्च न्यायालयातून निर्दोष सुटले.

आणि १६ जुलै २००४. कुंभकोणम शहरातच, एका खाजगी शाळेच्या स्वयंपाकघरात दुपारचे जेवण शिजत होते. तेथील आग झावळ्यांनी शाकारलेल्या छपराला लागली आणि पाहता पाहता वरच्या मजल्यावरील वर्गावर आली. जिना अरुंद होता. ९४ मुले जळून गेली. खटला दहा वर्षे चालला. ३० जुलै २०१४ रोजी निकाल लागला, काहींना शिक्षा झाली, काही सुटले, २०१७ मध्ये उच्च न्यायालयातून आणखी काही सुटले. एका वर्गात कोंबलेली मुले, दुरुस्तीचा पैसा वाचवणारे संस्थाचालक, डोळे मिटून परवाने देणारे अधिकारी या सगळ्यांचा हिशेब त्या निकालात कितपत आला, हा वेगळा विषय आहे.

या दोन घटना येथे मांडण्याचे कारण एवढेच, की हल्ली इमारतींच्या कार्बनविषयी बोलणारी काही सुशिक्षित मंडळी गवती छपराच्या प्रेमात पडली आहेत. झावळ्या, बांबू, माती यांना कारखाना लागत नाही, धूर लागत नाही, आत गारवा राहतो, असे ते सांगतात आणि त्यात काही खोटे नाही. सिमेंटच्या उत्पादनातून जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के वायू हवेत जातो, हेही खरे आहे. परंतु शाकारलेल्या झोपडीची स्तुती शहरातल्या स्लॅबखाली बसून करणाऱ्यांनी एकदा कुंभकोणमला जावे. ज्यांची मुले अशा छपराखाली जळाली, आणि ज्यांची घरे १६ नोव्हेंबर २०१८ च्या 'गज' चक्रीवादळात पाचोळ्यासारखी उडाली, त्यांना झोपडी ही सर्वांत निर्मळ इमारत आहे असे सांगण्याचे धैर्य होते का, ते पाहावे. गरिबाच्या नशिबी आलेल्या दैन्याला पर्यावरणाचा साज चढवणे हा जुनाच धंदा आहे. आपल्याकडेही कुडाच्या घरांविषयी असेच हळवे लेख येतात. कुडाच्या भिंतीतून शिरणाऱ्या सापाविषयी त्यांत ओळ नसते.

तेव्हा प्रश्न पक्के घर हवे की नको हा नाहीच. पक्के घर हवेच. ते कसे बांधावयाचे, त्याच्या डोक्यावर काय बसवावयाचे आणि जे बसवले त्याचा धनी कोण, हे ठरवावयाचे आहे.

पाच दिव्यांचे घर

या बाबतीत तमिळनाडूने २०११ साली एक पाऊल टाकले होते आणि त्याची दखल प्रामाणिकपणे घेतली पाहिजे. सौर ऊर्जेवरील 'हिरव्या घरां'ची ती योजना. (तमिळमध्ये तिला 'पसुमै वीडु' म्हणतात. इंग्रजीवरून भाषांतर करणाऱ्या आमच्या एका सहकाऱ्याने तिचे 'हरितगृह' करून ठेवले होते. मराठी वाचकाला वाटले असते की सरकार मजुरांना गुलाब पिकवायला लावते आहे.) दारिद्र्यरेषेखालच्या ग्रामीण कुटुंबाला ३०० चौरस फुटांचे पक्के घर, त्यात स्वयंपाकघर, संडास, पावसाचे पाणी साठवण्याची सोय आणि सौर ऊर्जेवर चालणारे पाच दिवे. घरामागे १ लाख ८० हजार रुपये, त्यांपैकी ३० हजार दिव्यांसाठी. दरसाल ६० हजार घरे. कुटुंबाने एक पैसाही भरावयाचा नाही. ज्या घरात रॉकेलची चिमणी हाच उजेड होता तेथे मूल दिव्याखाली अभ्यासाला बसले, ही गोष्ट थोडी नव्हे.

मग उणे काय होते? दोन गोष्टी. पहिली अशी, की या घरासाठीही स्वतःच्या नावावर किमान ३०० चौरस फूट जागा आणि तिचा पट्टा असावा लागे. म्हणजे सर्वांत गरिबासाठी काढलेल्या योजनेच्या दारातही जमिनीचा कागद उभाच होता. १९७१ च्या कायद्याने ज्यांना जागा मिळाली त्यांची नातवंडे आत गेली. देवस्थानाच्या, कालव्याकाठच्या, रस्त्याकडेच्या जागेवर राहणारे बाहेर राहिले. दुसरी गोष्ट तंत्राची आहे, आणि तिच्याकडे आपण पुढारी मंडळी फार दुर्लक्ष करतो. सौर पॅनेल पंचवीस वर्षे टिकते, पण बॅटरी काही वर्षांतच मान टाकते. तिचे पाणी कोणी पाहावयाचे, ती बदलावयाचा पैसा कोठून आणावयाचा, तार तुटली तर कोणाला हाक मारावयाची? घराघरात सुटा संच बसवला, ठेकेदार बिल घेऊन गेला आणि दुरुस्तीचा भार रोजंदारीवर जगणाऱ्या बाईवर पडला. संच तिच्या नावावर होता, पण त्यावर ताबा ठेवण्याची ताकद तिला कोणी दिली नव्हती. ती ताकद एकट्या घराला येऊच शकत नाही. ती वस्तीला येते, संस्थेला येते.

आता २०२४ च्या योजनेकडे पुन्हा वळू. २०११ च्या योजनेत निदान गरीब हा आरंभबिंदू होता. २०२४ च्या योजनेत तो बिंदू गच्चीवाल्याकडे सरकला. तीन किलोवॅटचा संच दिवसाला बारा युनिटच्या आसपास वीज देतो, महिन्याला साडेतीनशे युनिट. एवढी वीज वापरतो कोण? ज्याच्याकडे वातानुकूलन यंत्र आहे, पाणी तापवण्याचे यंत्र आहे, तो. तमिळनाडूत २०१६ पासून प्रत्येक घराला दोन महिन्यांना १०० युनिट मोफत आहेत. दोन दिवे आणि एक पंखा असलेल्या खोलीचे काम त्यात बहुतांशी भागते. म्हणजे ७८ हजारांचे पूर्ण अनुदान मिळवावयाचे असेल, तर आधी पुरेशी वीज जाळणारा संसार हवा! याहून सुबक उलटी गंगा कोणा अर्थशास्त्र्याला काढता आली नसती.

सरकारच्या बाजूने सांगण्यासारखे जे आहे तेही सांगतो, नाहीतर वाद एकतर्फी होईल. गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक सोयींसाठी किलोवॅटला १८ हजार रुपये अनुदान योजनेत आहे. वीज कंपनीने किंवा ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने छपरावर संच उभारावा, अशी तरतूदही नंतरच्या नियमांत आली. पण तेथेही छप्पर लागतेच. आणि गावांसाठी काय? प्रत्येक जिल्ह्यात एक 'आदर्श सौर ग्राम'! पाच हजारांवर लोकसंख्येच्या गावांनी सहा महिने एकमेकांशी स्पर्धा करावी, ज्याच्या हद्दीत अधिक अपारंपरिक वीज बसली असेल त्याला एक कोटी रुपये. कुस्तीच्या फडात इनाम लावावे तसे. जेथे आधीच गच्च्या आणि पैसा आहे ते गाव जिंकणार, हे सांगायला ज्योतिषी नको. आदर्श एक, आणि बाकीची सारी गावे प्रेक्षक.

सूर्य मोठा झाला की कोणाचा होतो

याच्या दुसऱ्या टोकाला मोठे सौर प्रकल्प आहेत. कुंभकोणमच्या दक्षिणेला, रामनाथपुरम जिल्ह्यात कमुदी येथे अदानी समूहाचा ६४८ मेगावॅटचा प्रकल्प २०१६ साली सुमारे २,५०० एकरांवर उभा राहिला. त्याची वीज युनिटला ७ रुपये १ पैसा या दराने पंचवीस वर्षे घेण्याचा करार तमिळनाडूच्या सार्वजनिक वीज महामंडळाने २०१५ मध्ये केला. दर नियामक आयोगाने ठरवून दिला होता, हे खरे. पण दोनच वर्षांत, मे २०१७ मध्ये, राजस्थानातील भाडला येथील लिलावात हाच दर २ रुपये ४४ पैशांवर आला. पॅनेल स्वस्त झाली, करार मात्र महागच राहिला, आणि त्याचा भार सार्वजनिक महामंडळाच्या खांद्यावर. पुढे तेच महामंडळ तोट्यात आहे म्हणून त्याचे तुकडे करा, खाजगी करा, अशी हाकाटी करावयाला हीच मंडळी मोकळी!

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील शेतकऱ्यांना ऊर्जेचा अर्थ समजावण्याची गरज नाही. कुंभकोणमच्या जवळच कदिरामंगलम येथे जून २०१७ मध्ये तेलवाहिनी फुटली, भाताच्या शेतात तेल पसरले आणि विचारायला गेलेल्या गावकऱ्यांवर लाठ्या पडल्या. मिथेन काढण्याची योजना, हायड्रोकार्बनच्या विहिरी यांविरुद्ध लढत लढत या लोकांनी फेब्रुवारी २०२० मध्ये संरक्षित कृषी विभागाचा कायदा मिळवला. मार्च २०२३ च्या अखेरीस केंद्राने तंजावर जिल्ह्यातील वडसेरीसह तीन कोळसापट्टे लिलावाच्या यादीत घातले, आणि गदारोळ उठताच आठवड्याभरात वगळले. जमिनीखालचे इंधन नको, असे या शेतकऱ्यांनी ठणकावून सांगितले आहे. मग जमिनीवरच्या इंधनात त्यांचा वाटा किती, हे विचारण्याचा अधिकार त्यांच्याहून अधिक कोणाला आहे?

उत्तर शोधायला परदेशी जावे लागत नाही. कोइम्बतूर जिल्ह्यातील ओडन्दुरै या ग्रामपंचायतीने २००६ साली ३५० किलोवॅटची पवनचक्की विकत घेतली. किंमत १ कोटी ५५ लाख. ४० लाख पंचायतीच्या शिल्लकीतून, १ कोटी १५ लाख बँकेच्या कर्जातून. पवनचक्की गावात नाही, वारा जेथे आहे तेथे, उडुमलपेटजवळ आहे. गावाच्या गरजेहून अधिक वीज ती निर्माण करते. उरलेली वीज मंडळाला विकून कर्ज फेडले गेले. याच पंचायतीने साडेआठशेच्या आसपास गरीब कुटुंबांना सौर दिव्यांची घरेही बांधून दिली. येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट ही, की पवनचक्कीला कोणाचेही छप्पर लागले नाही. झोपडीत राहणारा आणि बंगल्यात राहणारा दोघेही पंचायतीचे सारखेच मालक ठरले. केरळमध्ये पालक्काड जिल्हा पंचायतीने मीनवल्लम येथे ३ मेगावॅटचे जलविद्युत केंद्र २०१४ मध्ये सुरू केले, तेही स्वतःची कंपनी काढून. गुजरातेत खेडा जिल्ह्यातील धुंडी गावच्या शेतकऱ्यांनी २०१६ मध्ये सौर पंपांची सहकारी संस्था काढली आणि उरलेली वीज ग्रिडला विकायला सुरुवात केली.

पंचायत म्हणजे समाजवाद, असा आमचा भ्रम नाही. तंजावरच्या पंचायतीत खुर्ची कोणत्या जातीकडे असते आणि राखीव जागेवर निवडून आलेल्या दलित सरपंचाला काय भोगावे लागते, हे त्या भागातील कॉम्रेड आपल्याला सांगतील. पण पंचायतीच्या दारावर मोर्चा नेता येतो, हिशेब मागता येतो, पाच वर्षांनी माणूस बदलता येतो. कमुदीच्या कुंपणापाशी यांतले काय करता येते?

आता इमारतीविषयी. येथे आपल्याच चळवळीचा एक वारसा आपण विसरलो आहोत. १९७२ साली केरळात कॉम्रेड अच्युत मेनन यांच्या मंत्रिमंडळातील गृहनिर्माणमंत्री कॉम्रेड एम. एन. गोविंदन नायर यांनी भूमिहीनांसाठी एक लाख घरांची योजना हाती घेतली. भिंतीला भिंत लावलेली ती जुळी घरे पुढे मोडकळीस आली, आणि 'लक्षम वीडु' वस्तीत राहणे हे हिणवण्याचे कारण बनले, हेही नमूद करणे प्राप्त आहे. गरिबाचे घर लहान आणि स्वस्त असले की झाले, या समजुतीची ती किंमत होती. अच्युत मेनन यांनी बहुधा तो धडा घेतला असावा. सत्तेबाहेर पडल्यावर, १९८५ मध्ये, लॉरी बेकर आणि के. एन. राज यांच्यासह त्यांनी 'कॉस्टफोर्ड' ही संस्था स्थापन केली. विटा उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवणारी भिंत, स्लॅबच्या खालच्या अंगात, जेथे काँक्रीट नुसते वजन वाढवते तेथे, जुनी कौले बसवणे, चुन्याचा गिलावा, वारा खेळवणारी जाळी. अशा भिंतीला विटा सुमारे चतुर्थांश कमी लागतात आणि मधल्या हवेमुळे ऊन आत उतरत नाही. सिमेंट कमी, पोलाद कमी, भट्टीचा धूर कमी. पैसा मात्र गवंड्याच्या हातात अधिक. कार्बन कमी करणारी इमारत म्हणून आज परिषदांतून जे मांडले जाते, ते एका कम्युनिस्ट मुख्यमंत्र्याने आणि एका खादीधारी इंग्रजाने चाळीस वर्षांपूर्वी विटेत मांडून दाखवले होते. तेव्हा त्याला मोठे नाव नव्हते इतकेच.

उलट आजची सरकारी घरकुले पाहा. तीनशे चौरस फुटांची पातळ स्लॅबची पेटी दिवसभर ऊन पिते आणि रात्रभर ते आत ओकते. दिवसा वाकून भाताची लावणी केलेली बाई रात्री झोपेलही कशी? गारव्यासाठी फार काही लागत नाही. स्लॅबवर पांढऱ्या चुन्याचा हात मारला तरी खोलीत फरक पडतो. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांचे धोरणच जाहीर केले आहे. घरकुलाच्या अंदाजपत्रकात दोन बादल्या चुन्याला जागा मिळू नये, इतके ते भरगच्च असते का?

मुलांची चूल

कुंभकोणमची ती चूल मनातून जात नाही. दुपारचे जेवण ही तमिळनाडूची मोठी देणगी. कामराजांनी १९५६ मध्ये आरंभ केला, १९८२ मध्ये ते राज्यभर पसरले, २०२२ पासून सकाळची न्याहारीही आली. ते जेवण रांधणाऱ्या बायकांचा मोबदला तुटपुंजा असतो आणि धूर भरपूर असतो.

मराठी वाचकांनी शिर्डीचे प्रसादालय पाहिले असेल. त्याच्या गच्चीवर २००९ पासून ७३ मोठे अंतर्गोल आरसे सूर्याची उष्णता गोळा करतात, तिची वाफ होते आणि त्या वाफेवर दररोज हजारो भक्तांचे अन्न शिजते. भक्तांनी जेवावे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार अशी, की देवस्थानाला परवडलेली वाफ शाळेला परवडत नाही असे आम्हाला सांगितले जाते. एका शहराच्या सर्व शाळांचे अन्न एका मोठ्या स्वयंपाकघरात सूर्याच्या वाफेवर, गॅस किंवा विजेच्या जोडीने शिजू शकते, आणि ते स्वयंपाकघर वर्गापासून दूर, पक्क्या भिंतींत असू शकते. मात्र कोणा बड्या ट्रस्टला ठेका देऊन शाळेतल्या बायकांच्या हातचे काम काढून घ्यावयाचे असेल, तर तो मार्ग आमचा नव्हे. आज रांधणाऱ्या बायकाच त्या स्वयंपाकघराच्या कामगार असल्या पाहिजेत, किमान वेतनावर.

शाळेचे छप्पर हे कोणत्याही वस्तीतले पहिले सामाईक छप्पर. दहा किलोवॅटचा संच दिवसाला चाळीसेक युनिट वीज देतो. वर्गातले पंखे, दिवे, संगणक यांना ती पुरते, आणि सुटीच्या दिवशी मीटर उलटा फिरतो. त्यानंतर अंगणवाडी, प्राथमिक आरोग्य केंद्र, सहकारी सोसायटीचे गोदाम, रेशन दुकान, बाजारओटा. 'गज' वादळात सुमारे लाखभर विजेचे खांब पडले आणि खेडी कित्येक दिवस अंधारात राहिली. आरोग्य केंद्रावर संच आणि बॅटरी असती, तर लस थंड राहिली असती आणि बाळंतपण उजेडात झाले असते. या छपरांना पट्टा लागत नाही, जात लागत नाही. त्यांवर तयार झालेल्या विजेचा हिस्सा, छप्पर नसलेल्या घरांच्या बिलात वजा करता येतो. दिल्लीने २०१९ मध्ये अशा हिशेबाचे नियम केले आहेत. तंत्र अडलेले नाही. अडले आहे ते मालकीच्या कल्पनेपाशी.

आपल्याच पक्षातील काही ज्येष्ठ कॉम्रेड म्हणतील, आणि म्हणतातही, की मजुरी, जमीन, रेशन हे प्रश्न पेटलेले असताना ही पॅनेलची भानगड मध्यमवर्गीयांना लखलाभ असो. त्यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवून सांगावेसे वाटते, की कुडियिरुप्पुचा लढा हा झोपडीच्या लांबीरुंदीचा नव्हताच. मालकाने रात्री हाकलले तर सकाळी कामावर लाल बावटा घेऊन जाता येत नसे, म्हणून ती जागा हवी होती. उद्या वस्तीची वीज, थंडावा आणि स्वयंपाकाचे इंधन जर ठेकेदार कंपनीच्या करारावर अवलंबून राहिले, तर त्याच मजुराच्या मानेवर नवा मिरासदार बसेल. तो बसल्यावर लढण्यापेक्षा त्याला बसूच न देणे सोपे जाते.

महाराष्ट्रात याची जमीन तयार आहे. सोलापुरात कॉम्रेड नरसय्या आडम आणि विडी कामगार भगिनींनी संघटनेच्या बळावर कॉम्रेड गोदूताई परुळेकर वसाहतीत दहा हजार घरे मिळवली. त्यानंतर कुंभारी येथे तीस हजार घरांचे रे नगर. त्यांतली पहिली पंधरा हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये ताब्यात आली. विडी, यंत्रमाग, शिवणकाम, कचरावेचक कामगारांची ही घरे, आणि सोलापूरचा उन्हाळा ४० अंशांवरचा. एवढी छपरे एका संघटनेच्या शब्दाखाली असलेली दुसरी वसाहत देशात शोधावी लागेल. त्यांवरचा सूर्य तीस हजार सुट्या अर्जांत वाटावयाचा की कामगारांच्या सहकारी वीज संस्थेच्या नावावर करावयाचा, दुरुस्तीला त्याच वसाहतीतील आयटीआय शिकलेली मुले-मुली नेमावयाची की पुण्या-मुंबईच्या ठेकेदाराची माणसे, हे आताच ठरले पाहिजे. सातारा जिल्ह्यातील मान्याचीवाडी हे शंभरेक घरांचे गाव २०२४ मध्ये संपूर्ण सौर झाले तेव्हा मंत्र्यांनी फीत कापली. वाडी छोटी आहे, एकजिनसी आहे, म्हणून तेथे जमले असे कोणी म्हणेल. रे नगरात जमले तर तसे म्हणता येणार नाही.

तमिळनाडूत काय आणि महाराष्ट्रात काय, २ ऑक्टोबरला ग्रामसभा भरतात. शाखांनी त्याआधी गावातील छपरांची मोजणी करावी: शाळा, अंगणवाड्या, दवाखाने किती, पत्रा किती, गवत किती, स्लॅब किती, कोणाच्या जागेचा कागद आहे, कोणाचा नाही, आणि आजवर सौर अनुदान घेतलेली घरे कोणत्या आळीत आहेत. ही यादी मोठ्या अक्षरांत कागदावर काढून ग्रामसभेच्या भिंतीवर चिकटवावी, आणि सरपंचाला जमिनीच्या पट्ट्यांचा ठराव व शाळेच्या छपराचा ठराव एकाच बैठकीत मांडावयास लावावा. कुंभकोणमसारख्या शहरी भागात हेच काम प्रभागातून करावे लागेल. तेथे देवस्थानाच्या जागेवरील भुईभाड्याच्या पावत्याही सोबत घ्याव्यात.